करायची काळजी, घ्यायची काळजी

आमच्या घरातली भांडणं नक्षत्रांच्या हिशेबाने यायची. रोहिणी लागल्या की वडील गप्प होऊ लागायचे. मृग कोरडा गेला की आईच्या हातची भाजी खारट व्हायची; तिने मीठ चिमटीने मोजून घातलेलं असलं तरी. आर्द्रानेही ओढ दिली आणि दुबार पेरणी डोळ्यांसमोर दिसू लागली, की दोघांतलं बोलणंच बंद. मग निरोप आम्हा मुलांमार्फत जायचे. "तुह्या बाबाले म्हणा, ताट वाढलं." पोळ्याच्या सुमारास पीक गुडघ्याच्या वर आलं की घर पुन्हा बोलायला लागायचं, वडील आठवडी बाजारातून भजी बांधून आणायचे आणि झालं-गेलं कोणी उकरून काढायचं नाही. वडिलांना आई आवडत नाही, असा निष्कर्ष मी आठव्या-नवव्या वर्षीच काढून ठेवला होता. पुढे कितीतरी वर्षं तो तसाच राहिला.

वडील गेल्यावर बऱ्याच काळाने एका डॉक्टर स्नेह्याशी बोलत होतो. त्यांनी सहज विचारलं, "ही चिडचिड वर्षभर असायची, की ठरावीक महिन्यांत?" मी म्हणालो, "जून-जुलैत." उत्तर तोंडातून गेलं आणि मीच चपापलो. जून म्हणजे बियाणं, खत, सोसायटीचं कर्ज, ते नाही मिळालं तर सावकाराचा उंबरा, आणि वर आभाळ. ज्यांना आम्ही तापट म्हणत आलो, ते माझे वडील दरवर्षी दोन महिने भ्यालेले असायचे. त्या भीतीला आमच्या घरात नाव नव्हतं. म्हणून ती मिठाच्या नावाने वावरत होती.

हे पुस्तक त्या चुकलेल्या निष्कर्षापासून सुरू झालं.

मराठीत 'काळजी' हा शब्द दोन क्रियापदांच्या घरी नांदतो. एक काळजी करायची असते आणि एक घ्यायची. पहिलीत माणूस स्वतःला जाळत बसतो, दुसरीत समोरच्याला सांभाळतो. पहिल्या काळजीची आपल्या घरांत ददात नाही. पावसाची आहे, भावाची आहे, पोराच्या नोकरीची, पोरीच्या लग्नाची आहे. दुसरी काळजीही आपण घेतो, पण ती ताप आल्यावर, हाड मोडल्यावर, बाळंतपणात. काळजी करून करून जो आतून खचला, त्याचीही काळजी घ्यावी लागते, हे मात्र आपल्या गावी नसतं. चिंता, नैराश्य आणि असुरक्षितता ही तिन्ही दुखणी या दोन क्रियापदांमधल्या मोकळ्या जागेत वाढतात. त्यांचा पहिला घाव बसतो नात्यावर. माणूस आजारी आहे हे कळायच्या आधी नवरा-बायकोचं पटत नाही हे गावाला कळतं, मुलगा उलटून बोलतो हे कळतं, सून आळशी आहे हे कळतं. या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं, की घरातली धुसफूस, अबोला आणि संशय यांच्याकडे स्वभावाचा दोष म्हणून पाहण्याआधी एकदा लक्षण म्हणून पाहावं.

पुस्तक बुलढाणा जिल्ह्याबाहेर फारसं जात नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत आणि आम्ही माणसंही तशीच ओळखतो: हा घाटावरचा, तो घाटाखालचा. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि खुद्द बुलढाणा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. मोताळ्याचा एक पाय वर, एक खाली. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, पण कितीतरी गावांत विहिरीचं पाणी खारं. वर हवा थंड, पण जमीन बरीचशी हलकी. तेराही तालुक्यांत सोयाबीन, कापूस, तूर आणि पावसाची वाट पाहणं सारखंच. मी शाळेत शिकवत होतो. मुलांच्या निमित्ताने पालक यायचे, एकाचं ऐकलं म्हणून दुसरा यायचा. तीस वर्षांत जे कानांवर पडलं, ते नावगाव पुसून, तपशील बदलून इथे आलं आहे. मी डॉक्टर नाही. जिथे वैद्यकीय मजकूर आहे, तो त्या क्षेत्रातल्या माणसांकडून तपासून घेतला आहे.

आधी शब्दांबद्दल. 'मला नैराश्य आलं आहे' असं म्हणणारा माणूस मला या जिल्ह्यात क्वचितच भेटला. लोक म्हणतात, जीव लागत नाही. करमत नाही. छातीत धडधडते. डोक्स भणभण करते. हातापायातला जीवच गेला. यांत 'मन' हा शब्द फारसा येत नाही, सगळं शरीरावर निघतं, आणि त्यात खोटं काहीच नाही. चिंतेत काळीज खरोखरच जोरात धडधडतं, हात थंड पडतात, पोटात कालवतं. साप दिसल्यावर शरीर जे करतं तेच ते साप नसताना करत असतं. नैराश्यात भूक आणि झोप खरोखरच जाते, अंग दुखतं. बायकांच्या बाबतीत या सगळ्याला एक ठरलेला शब्द आहे, 'अशक्तपणा', आणि त्याचा ठरलेला उपायही. तालुक्याच्या कोणत्याही दवाखान्यात दुपारी डोकावून पाहा. खाटेवर डोळे मिटून पडलेली चाळिशीची बाई, हाताला सलाईन, उशाशी बसलेली मुलगी. "लय अशक्तपणा आला डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावून द्या." बाटली संपेपर्यंत तासभर कोणी तिला उठवत नाही, भाकरी मागत नाही. माझा असा संशय आहे, की त्या बाटलीतल्या मीठ-साखरेच्या पाण्यापेक्षा त्या एका तासाचाच गुण अधिक येत असावा. पण तिला झोप किती दिवसांपासून नाही, रडू येतं का, जगावंसं वाटतं का, हे विचारणारं त्या तासात कोणी नसतं. बाटली संपते, बाई घरी जाते, पंधरा दिवसांनी पुन्हा येते.

आता चिंतेबद्दल. जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे ते अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीमुळे. गावाबाहेरच्या शेतात वाघ घराण्यातली मंडळी संध्याकाळी घट मांडतात. भोवती अठरा प्रकारची धान्यं, मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पुरी, पापड, कुरडई. शेजारी राजाची गादी म्हणून पान-सुपारी. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे जाऊन पाहायचं, कोणता दाणा जागचा हलला, कोणतं ढेकूळ किती भिजलं. आणि त्यावरून पाऊस, पीक, राजा यांचं भाकीत सांगायचं. याला शास्त्राचा आधार नाही, हे अनेकांनी सांगून झालं आहे आणि ते बरोबरच आहे. तरी त्या पहाटे शेतात जमलेली गर्दी मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. तिथे आलेल्यांपैकी पुष्कळ जण भाकितावर पेरणी ठरवत नाहीत. "पाहू काय म्हणते यंदा," असं म्हणून ते येतात. पुढच्या वर्षाची जी धास्ती एरवी ज्याची त्याने छातीवर घेऊन झोपायची, ती वर्षातून एकदा चारचौघांत मांडली जाते आणि मोठ्याने बोलली जाते.

चिंतेचा आजार जडलेला माणूस हीच मांडणी रोज रात्री, एकट्याने, अंथरुणात करतो. हे असं झालं तर, ते तसं झालं तर. एकेक दाणा मांडत जातो आणि पहाटेपर्यंत प्रत्येक दाणा हललेला दिसतो. सकाळी तो बायकोला विचारतो, "सगळं नीट होईल ना?" ती म्हणते, होईल. दुपारी तो पुन्हा विचारतो. संध्याकाळी पुन्हा. धीर दिला की तेवढ्यापुरता उतार पडतो आणि पुन्हा तोच प्रश्न उगवतो, कारण त्याला उत्तर नको असतं, खात्री हवी असते, आणि खात्री जगात कोणाकडेच नसते. आठव्या वेळी ती वैतागते. तिचं वैतागणं पाहून त्याला आणखी एक चिंता मिळते: आता हिलाही मी नकोसा झालो.

नैराश्याची चाल याहून संथ. ते माणसाला घरातल्या घरात दूर नेतं. ज्याला नातवाचा लळा होता तो नातवाला मांडीवर घेत नाही. पारावर जाणारा जायचा थांबतो. बायकोने काही विचारलं तर "हूं" एवढंच. ती याचा अर्थ लावते, की यांचं माझ्यावरून मन उडालं. मग ती बोलते, टोचून बोलते, कारण टोचल्यावर तरी काही उत्तर येईल. त्याला ते बोलणं स्वतःच्याच मनातल्या आवाजाची साक्ष वाटते: मी कुचकामी आहे, हीसुद्धा तेच म्हणते. तो आणखी आत जातो. दोघांपैकी कोणीही दुष्ट नसताना सहा महिन्यांत गोष्ट माहेरी जाण्यापर्यंत येते. पुरुष या काळात पुष्कळदा दारूला औषध करतो. पहिल्या रात्री झोप लागते हे खरं. पण दारू झोपेची वीण उसवते आणि उदासी आणखी दाट करते. मग गाव म्हणतं, पितो म्हणून घर मोडलं. आधी काय मोडलं होतं, हे कोणी पाहत नाही.

तिसरी गोष्ट असुरक्षितता. ती आजारांच्या यादीत बसत नाही, पण दोन्ही आजारांना खतपाणी तीच घालते. आमच्याकडे आज तिशी ओलांडलेला अविवाहित शेतकरी मुलगा बहुतेक प्रत्येक वाड्या-वस्तीत आहे. पहाटे चिखली किंवा खामगावच्या बाहेरच्या रस्त्यावर धावणारी पोरं दिसतात. ती पोलीस भरतीची. दिवसभर अभ्यासिकेत बसणारी दिसतात; ती स्पर्धा परीक्षेची. वयाची अट दरवर्षी एक पाऊल जवळ येते. बायोडाटात शेतीचा उल्लेख खालच्या ओळीत आणि पुण्यातल्या आठ महिन्यांच्या कंपनीतल्या कामाचा वरच्या ओळीत. मुलगी पाहायला गेल्यावर पाहिलं जातं ते मुलालाच, आणि नकार निरोपानेही येत नाही, नुसता फोन उचलला जात नाही. असे दहा नकार पचवलेल्या मुलाचं लग्न अकराव्या वेळी जमलं तरी ते नकार सासरी-माहेरी सगळीकडे त्याच्याबरोबर चालत असतात. बायको फोनवर हसली की त्याला वाटतं आपल्यावर हसली. 'ऑनलाइन' दिसते पण उत्तर देत नाही, एवढ्यावरून रात्रीचं जेवण उष्टं राहतं. "जीव आहे म्हणून विचारतो," असं तो म्हणतो आणि ते खोटंही नसतं. पण रोज झडती घेतली गेली की जीव लावणारं माणूसही हळूहळू लपवायला शिकतं, आणि मग संशयाला पुरावा मिळतो.

शरम माणसाला किती झटक्यात एकटं पाडते, हे आमच्या जिल्ह्याने नुकतंच पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीने गळू लागले. काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडलं. जानेवारी संपेपर्यंत अठरा गावांतल्या पावणेतीनशेहून अधिक लोकांची नोंद झाली. पाण्याचे नमुने गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकं आली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं, त्यावर वाद झाले. केस अनेकांचे परतही आले. पण त्या दोन महिन्यांत मुलींनी कॉलेजला जाणं सोडलं, ठरत आलेल्या सोयरिकी थांबल्या, पाहुणे यायला कचरू लागले. आजार डोक्याच्या कातडीचा होता, पण लोकांना तो भोगावा लागला चारचौघांत. एक गोष्ट मात्र या निमित्ताने लक्षात राहिली. केस गळलेले दिसतात, म्हणून दिल्लीहून पथक आलं. त्याच गावांत ज्यांची झोप वर्षानुवर्षं गळून गेली आहे, त्यांची नोंद घ्यायला पथक कधी येत नाही, कारण ते दिसत नाही.

इथे सैलानीबद्दल लिहिलं नाही तर पुस्तक अप्रामाणिक ठरेल. बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, हिंदू-मुसलमान दोघेही लोटतात. 'बाहेरचं' झालेल्या माणसाला घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी मात्र तिथे बारा महिने यात्राच असते. राज्यातून आणि राज्याबाहेरून माणसं येतात, झोपड्या करून आठवडे, महिने राहतात. या गोष्टीला नुसतं 'अंधश्रद्धा' म्हणून हात झटकणं मला जमलं नाही. मी तिथे बसून पाहिलं आहे. म्हातारी आई पस्तिशीच्या मुलाला घास भरवते. मोठा भाऊ रोजगार बुडवून सोबत राहतो. सुनेच्या अंगात येतं तेव्हा घरी जे बोलायची तिला मुभा नाही ते ती ओरडून बोलते आणि सासू हात जोडून ऐकते. घरी तोच मुलगा 'कामचोर' होता, तीच सून 'नाटकं करणारी' होती. 'बाधा' म्हटल्याबरोबर दोष त्यांच्या अंगावरून उतरतो आणि सगळं घर एका बाजूला उभं राहतं. ही सोय डॉक्टरच्या चिठ्ठीत आपण अजून आणू शकलेलो नाही. 'हा आजार आहे, यात तुझी चूक नाही' हे वाक्य जोवर दवाखान्यात तितक्याच ठामपणे ऐकू येत नाही, तोवर लोक दर्ग्याची वाट सोडणार नाहीत.

पण या वाटेची किंमतही सांगायला हवी. उपचाराने आटोक्यात येणारा आजार महिनोन् महिने विनाउपचार राहतो. माणसांना साखळ्या घातल्या जातात. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या आश्रयस्थानात ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळदंडांमुळे पळता न आलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माणसाला साखळीने बांधणं मना केलं आहे. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे, ज्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्याची अठरा वर्षं घातली आणि शेवटी प्राण दिले. कायद्याबरोबर दुसरीही एक रीत आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांनाच सोबत घेऊन 'दवा-दुआ' नावाने मानसोपचार सुरू झाले: दुआ घ्या आणि शेजारच्या खोलीत गोळीही घ्या. सैलानीसारख्या ठिकाणी कंटाळून नातेवाईकांनी मागे सोडलेल्या, नाव-गाव हरवलेल्या माणसांसाठी चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ इथे नंदकुमार आणि आरती पालवे या दांपत्याने 'सेवासंकल्प' उभा केला आहे. रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसाची आधी दाढी-आंघोळ, मग जेवण, मग औषध, असा तिथला क्रम. 'काळजी घेणं' या क्रियापदाचा अर्थ कोणी विचारला, तर मी कोश उघडत नाही, त्या क्रमाकडे बोट दाखवतो.

शेतकरी आत्महत्यांवर या पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, पण एक गैरसमज इथेच दूर करतो. विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांचं ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज आलं, त्यांत बुलढाणा होता. तेव्हापासून दोन बाजूंनी वाद चालू आहे. एक म्हणतो, कारण कर्ज. दुसरा म्हणतो, कारण मनाचा आजार. मला हा वाद फसवा वाटतो. सोयाबीनचा भाव पडला यावर समुपदेशन हा उपाय होऊ शकत नाही, आणि 'मन खंबीर करा' असं सांगून कोणत्याही सरकारला आपली जबाबदारी टाळता येणार नाही. त्याच वेळी, सारखंच कर्ज असलेल्या दोन भावांपैकी एक का तगतो आणि दुसरा का कोसळतो, हेही पाहावं लागतं. तिथे झोप, दारू, घरातला संवाद आणि वेळेवर मिळालेला किंवा न मिळालेला उपचार यांचा हिशेब येतो. माणूस गेल्यावर मागे राहणाऱ्या बाईची दोन चौकशा होतात. एक सरकारी: प्रकरण 'पात्र' की 'अपात्र', म्हणजे एक लाखाची मदत मिळणार की नाही. दुसरी घरची, आणि ती संपतच नाही: "आदल्या राती तूच काही बोलली असशील."

उपचाराने फरक पडतो का? पडतो, आणि तोही इथेच पडला आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवलं, गरज पडेल त्याला डॉक्टरपर्यंत पोचवलं. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतल्या जेमतेम चार जणांना कुठली तरी मदत मिळत होती. दीड वर्षात ते प्रमाण सत्तावीसवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं. भाव तेच होते, पाऊस तोच होता. कोणीतरी दारात येऊन विचारत होतं, एवढा बदल झाला होता. राज्य सरकारचा 'प्रेरणा प्रकल्प' याच जातीचा. विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत तो २०१५ पासून आहे आणि बुलढाणा त्यांत आहे.

अशा विचारण्यातही एक मेख असते. एका घरी आशाताईंबरोबर मी बसलो होतो. त्यांनी कागद काढून घरच्या कर्त्याला विचारलं, "दादा, गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही, असं झालं का?" उत्तर आईने दिलं, "त्याले काय झालं? चांगला हाय." पुढचा प्रश्न, उदास वाटतं का. उत्तर भावाने दिलं, "शेतीचं टेन्शन, बाकी काही नाही." झोपेबद्दल विचारलं तेव्हा बायको दाराआडून म्हणाली, "झोपतात की." कर्ता पूर्ण वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत होता. आशाताई हुशार. चहा नको म्हणाल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "दादा, फाट्यापर्यंत सोडता का गाडीवर?" तो मोटरसायकलवरून तासाभराने परतला. पुढच्या आठवड्यात तो बुलढाण्याला जिल्हा रुग्णालयात गेला. घरातलं प्रत्येक जण त्याची काळजी करत होतं, म्हणूनच त्याच्या वतीने बोलत होतं. त्याला बोलू द्यायला गावाबाहेरचा फाटा लागला.

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं नागपूर, पुणे, ठाणे आणि रत्नागिरीला आहेत. आम्हाला जवळचं नागपूर, तेही तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. ही नावं ऐकून लोक घाबरतात. पण या पुस्तकातल्या बहुतेक माणसांना मनोरुग्णालयाची गरजच नव्हती. त्यांना लागली ती जिल्ह्याच्या ठिकाणची ओपीडी, काही महिने गोळ्या, काही बैठकी. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत बंद करणारे म्हणतात, काही फरक नाही. या गोळ्यांची सवय लागते अशी भीती असते; ती झोपेच्या काही गोळ्यांबद्दल खरी आहे, या गोळ्यांबद्दल नाही. मात्र त्याही आपल्या मनाने एकदम सोडायच्या नसतात. १४४१६ या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर फुकट आणि मराठीतही बोलता येतं. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, महाराष्ट्र त्यांत नव्हता. तिथे चिंता-नैराश्यासारखे नेहमीचे मनोविकार असलेल्या शंभर जणांतले पंच्याऐंशी उपचाराविना होते. आपली स्थिती फार निराळी असेल असं समजायला मला कारण दिसत नाही.

हे पुस्तक वाचून कोणी कोणाला रोगी ठरवू नये, एवढी विनंती. प्रत्येक भांडण आजार नसतं. मारझोडीला तर आजाराची सबब मुळीच चालणार नाही. मार खाणाऱ्या बाईने समजून घ्यावं असं या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ माणूस बदललेला दिसला, तर चार लोकांत नको, एकट्याला गाठून विचारावं आणि मग आपण गप्प बसावं. पुढची प्रकरणं या 'गप्प बसण्या'बद्दलच आहेत असं म्हटलं तरी चालेल.

लिहून झाल्यावर मी आईला मिठाची गोष्ट वाचून दाखवली. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. मला वाटलं तिला वाईट वाटेल. तिने शेंगा फोडणं थांबवलं नाही. म्हणाली, "मीठ बरोबरच राहे. मले मालूम होतं." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? "बोलून काय पाणी पडणार होतं? त्यायचं जेवण होईपर्यंत मी तिथून उठत नव्हती, पाह्यलं नाही का तू?"

मला ते आठवलं. चुलीजवळ अबोला धरून बसलेली आई, खाली मान घालून जेवणारे वडील. मी इतकी वर्षं त्या चित्रात भांडण पाहत होतो.

चिखली, जि. बुलढाणा
अक्षय्य तृतीया